गाऊन नव्हे, ड्रेस

परभणीत मार्च सरत आला की आम्हा बायकांची एक ठरलेली अडचण सुरू होते. पंजाबी ड्रेसची सलवार पोटऱ्यांना चिकटते, जीन्सचं तर नावच काढू नका, आणि साडीचा बोंगा सांभाळत स्कूटी चालवायची म्हणजे वेगळंच दिव्य. मग घरी आल्या आल्या सगळ्याजणी गाऊन चढवतात. गाऊन ज्यानं कुणी काढला त्याचे मराठवाड्यावर फार उपकार आहेत. खालून वारा शिरतो, घाम वाळतो, लाईट गेली तरी जीव तगतो. पण गाऊन घालून पतसंस्थेत कामाला जाता येत नाही. भाजीवाल्यापर्यंत चालतं, वरून ओढणी घेतली की झालं, त्यापुढं नाही.

मला गाऊनची हवा पाहिजे होती आणि ड्रेसची इभ्रत.

तयार मिळत नाही असं नाही. मागच्या उन्हाळ्यात एका ऑनलाइन दुकानातून ‘हातकारागिरीचा सुती ड्रेस’ मागवला होता. साडेतीन हजारांच्या आसपास पडला. आला तेव्हा दिसायला झकास होता. उलटा करून पाहिला तर आतली बाजू पांढरीफटक. म्हणजे छपाई मशीनची, नुसती वरच्यावर. गळ्यावरची आरसेकामाची पट्टी डिंकानं चिकटवून कडेनं मशीन मारलेली. दुसऱ्या धुण्याला आरशांचा पारा उडाला आणि गळ्यावर राखाडी प्लास्टिकच्या टिकल्या उरल्या. परत घ्यायला दुकानानं ‘धुतलेला माल’ म्हणून नकार दिला. तेव्हा ठरवलं, यंदा कापडापासून सुरुवात करायची.

उन्हाळ्यात सूतच का, हे आपल्याकडं कुणाला सांगावं लागत नाही, पण त्यामागं हिशोब आहे. एरवीच्या हवेतही सूत आपल्या वजनाच्या 8 टक्क्यांच्या आसपास ओल धरून असतं. पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. म्हणून सुती कापड घाम ओढून घेतं, आणि आपली हवा कोरडी असल्यामुळं तो भराभर उडून जातो. उडताना अंगाची उष्णता घेऊन जातो. मुंबईच्या दमट हवेत हेच सूत ओलं होऊन बसून राहतं. परभणी-नांदेडच्या 42-43 अंशांत मात्र सैल सुती कपड्यासारखा दुसरा कूलर नाही. यातला ‘सैल’ हा शब्द महत्त्वाचा. अंगालगत बसलेल्या सुती कुर्त्यात वारा कुठून जाणार?

आधी परभणीतल्याच कच्छी बाजारात चक्कर मारली. तिथं ‘प्युअर कॉटन’ म्हणून दहा प्रकार समोर टाकतात. दुकानदार ओळखीचा असला तर कडेचा एखादा धागा मागून घ्यायचा आणि बाहेर येऊन काडी लावायची. सुताचा धागा कागद जळावा तसा जळतो, वास तसाच येतो, मागं हलकी राख राहते. पॉलिएस्टर वितळून आक्रसतं आणि टोकाला काळा कडक मणी होतो. मिसळ असली तर राखही होते आणि मणीही. मला दाखवलेल्या ‘प्युअर’पैकी बऱ्याच जणांनी मणी धरला. दुकानदाराला राग आला नाही, उलट म्हणाला, “ताई, हे इस्त्रीला बरं पडतंय म्हणून लोक मागतेत.” त्याचंही खरं आहे.

शेवटी कापड मिळालं ते संभाजीनगरला, एका हातमाग प्रदर्शनात. राजस्थानातल्या बगरूचा एक छपाईवाला बसला होता. तिथल्या छिपा लोकांचा हा पिढीजात धंदा. फिक्या बदामी रंगावर काळी-तांबडी बुट्टी. या काळ्या-तांबड्याला ते ‘स्याही-बेगर’ म्हणतात. मी कापड उलटं-सुलटं करून पाहायला लागले तर त्यानंच एका जागी बोट ठेवलं. दोन ठशांच्या जोडावर काळी रेघ केसभर एकमेकीवर चढली होती, आणि पुढच्या जोडावर तेवढीच सुटली होती. “हात का है, इसलिए थोडा इधर-उधर,” तो म्हणाला. हीच खूण. स्क्रीनच्या छपाईत चूक असली तर ती ठराविक अंतरानं तश्शीच्या तशी परत येते. हाताच्या ठशात प्रत्येक चूक नवी असते.

त्याच्याकडं गर्दी नव्हती, म्हणून बसून ऐकलं. कोरं कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवतात. त्यानं ते पिवळसर होतं. काळा रंग म्हणजे रंग नसतोच मुळी. गंजलेलं लोखंड, नाल, खिळे आणि गूळ पाण्यात टाकून ते कुजत ठेवतात, आणि ते पाणी चिंचोक्याच्या खळीत घालून ठसा मारतात. लोखंड आणि हिरडा भेटले की काळं. तांबड्यासाठी तुरटीचा ठसा मारतात, तो आधी जेमतेम दिसतो. मग कापड धुऊन तांब्याच्या मोठ्या कढईत उकळतात, त्यात मंजिष्ठाच्या जातीचा लाल रंग, आता बहुतेक ठिकाणी त्याच घटकाचा तयार अलिझरीन, आणि सोबत धायटीची फुलं. जिथं तुरटी लागली तिथंच लाल धरतो. बाकीचं कापड फिकं राहतं. हिरडा आपल्या आजीच्या बटव्यात पोटासाठी होता. तोच इथं कापड रंगवतो, हे मला फार आवडलं.

आणि एक रुखरुखही लागली. मानवत-सेलूच्या जिनिंगमधून 170 किलोच्या गाठी बांधून आपली रुई ट्रकच्या ट्रक भरून बाहेर जाते. क्विंटलभर कापसातून जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढी रुई निघते, बाकी सरकी. ती रुई कुठं सूत होते, कुठं कापड होते, कुठं छापली जाते आणि मीटरला 260 रुपयांनी परत आपल्याकडं येते. पिकवणारे आपण, छापणारे दुसरे. असो, तो विषय मोठा आहे.

चार मीटर घेतलं. पन्हा 44 इंच सांगतात, पण हातछपाईत दोन्ही किनारींना थोडी कोरी पट्टी सुटते, म्हणजे कामाचा पन्हा 42 धरायचा. शिवाय बुट्टीला वर-खाली आहे का ते बघायचं. फुलांचे देठ सगळे एकाच दिशेला असतील तर तुकडे उलटसुलट लावून कापड वाचवता येत नाही. पुढचा भाग सुलटा आणि मागची फुलं डोक्यावर उभी, असं व्हायला नको.

प्रदर्शनात आणखी एक मोह झाला होता, हिमरूचा. संभाजीनगरात गेलं की हिमरू समोर येतोच. तुघलकानं 1327 मध्ये राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा विणकर सोबत आले, अशी कथा तिथला प्रत्येक दुकानदार सांगतो. सूत आणि रेशीम मिळून विणलेला, वर वेलबुट्टी. वाटलं, छातीच्या योकला हिमरूचा तुकडा लावला तर आपल्या मातीतलंही काही होईल. पण उलटी बाजू बघितली आणि हात मागं घेतला. नक्षीचे जादा धागे मागं मोकळे तरंगत असतात. बांगडीत, मंगळसूत्रात अडकणार. आणि जाडी एवढी की थंडीत शालीला छान, मे महिन्यात छातीवर म्हणजे शिक्षाच. हिमरू शेरवानीत शोभतो, त्याला तिथंच राहू द्यावं.

यातूनच पुढच्या सगळ्या कामाचा नियम ठरला. हातकाम जिथं वारा लागत नाही किंवा लागायची गरज नाही, तिथंच. पाठ, काख, पोट, इथं एकच पदर, काही लावायचं नाही. गळ्याची पट्टी, खिशाचं तोंड, बाहीची कड आणि खालचा घेर एवढ्याच जागा सजवायच्या. बाजारातल्या ड्रेसेसचा घोळ इथंच असतो. फोटोत छाती दिसते म्हणून सगळं भरतकाम छातीवर आणि त्याखाली जाडजूड अस्तर. घालणारीला घामोळ्या येवोत.

घरी आल्यावर कापड रात्रभर थंड पाण्यात भिजत घातलं. हे टाळू नका. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, मीटरला दोन-चार सेंटिमीटर सहज, आणि ड्रेस शिवल्यावर आटलं तर मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेचा घेर, काचतो. सकाळी पाणी चहासारखं झालं होतं. हिरड्याचा जादा पिवळेपणा आणि खळ निघते ती. शेजारच्या काकूंनी मीठ टाकायला सांगितलं होतं. मिठानं रंग पक्का होतो हा समज घरोघरी आहे. कापड रंगवताना मिठाचा उपयोग होतो हे खरं, पण एकदा रंगून आलेल्या कापडाला नंतर मीठ घालून काही होत नाही. मी नुसतं पाणी बदलत राहिले, पाणी नितळ झालं तसं सावलीत वाळत घातलं आणि ओलसर असतानाच इस्त्री केली. इस्त्री करताना धागा सरळ करून घ्यायचा, नाहीतर कापताना घेर एका बाजूला लोंबतो.

आता तांडा.

आमच्या पतसंस्थेतल्या एका सहकाऱ्याचं घर जिंतूरच्या बाजूच्या तांड्यावर. त्याची आई जुन्या पद्धतीचं लमाणी भरतकाम करते हे मला माहीत होतं, पण थंडीत विचारून उपयोग नव्हता. तांड्यातली निम्मी घरं ऊसतोडीला गेलेली असतात; टोळ्या परत येतात त्या गुढीपाडव्याच्या आगेमागे. म्हणजे उन्हाळ्याचा ड्रेस शिवायला आणि बाई घरी यायला एकच गाठ पडते. तो तिला याडी म्हणतो, आई म्हणायचा त्यांचा शब्द, मग मीही याडीच म्हणायला लागले.

याडीनं आधी माझं कापड हातात घेऊन चोळलं, वास घेतला, मग विचारलं, “ह्याला काच पाहिजे का पिलॅष्टिक?”

मी काच म्हणाले.

“मग धुताना आपटायचं न्हाई. सांगून ठेवते. आन मिशिनीत टाकायचं न्हाई.”

तिनं पेटीतून स्वतःच्या लग्नातली कांचळी, म्हणजे लमाणी चोळी, काढून दाखवली. आरसे, कवड्या, जुनी नाणी, शिशाचे मणी, एक बोट ठेवायला जागा नाही. फेटियाचं, म्हणजे घागऱ्याचं, वजन तर उचलून बघा म्हणाली. “आता रोज कोण घालतंय? लग्नात घालतेत, फोटू काढतेत, ठेवून देतेत.” शहरातले व्यापारी तांड्यावर येऊन असे जुने फेटिये स्वस्तात नेतात, कापून पिशव्या आणि उशांचे अभ्रे करतात. कुणाचं पोट त्यावर चालत असेल, पण मला ते तुकडे विकत घ्यायला जीव होत नाही. नवं करून घ्यावं, करणारीला पैसे द्यावेत.

तिच्याकडचे धागे झळझळीत होते, नकली रेशमाचे. बदामी कापडावर लाल धागा आणि त्यात परभणीचा घाम म्हणजे आधी परीक्षा घ्यायला हवी. धाग्याचा तुकडा ओला केला, पांढऱ्या चिंधीत घालून वरून गरम इस्त्री दाबली. लालनं चिंधीवर गुलाबी वेल उठवली, हिरव्यानंही थोडा रंग सोडला. म्हणून पक्क्या रंगाच्या सुती लडी आणून दिल्या: तांबडी, काळी, हळदी आणि एक गर्द निळी. निळी याडीच्या आग्रहाखातर. “नुसतं लाल-काळं म्हंजी काय, जरा डोळ्याला पायजे ना,” असं तिचं म्हणणं. ती बरोबर होती, सगळ्या कामात ती निळीच उठून दिसते.

पट्ट्यांसाठी तळाचं कापड नांदेडच्या खादी भांडारातून आणलेलं होतं, राष्ट्रध्वज बनवणाऱ्या समितीचं. जरा जाड, कोऱ्या रंगाची खादी. मलमलीवर आरसा बसत नाही. कापड ओढलं जातं आणि चुण्या पडतात.

आरसा कसा बसवतात हे मी तिच्या शेजारी बसून पाहिलं. आरशाला भोक नसतं, डिंकही नसतो. तो कापडावर ठेवून डाव्या अंगठ्यानं दाबून धरायचा. मग त्याच्या अंगावरून दोन उभे आणि दोन आडवे टाके टाकायचे, एकमेकांत अडकवून, की मधोमध चौकट होते. ही चौकट हवी तेवढी घट्ट आली तरच पुढचं जमतं. नंतर सुई त्या चौकटीच्या दोऱ्याखालून घालून, लगेच कापडातून छोटा टाका घेऊन, फासा आवळायचा. असं गोल फिरत गेलं की चौकटीचे दोरे बाहेर ओढले जातात, मधला आरसा उघडा पडतो आणि कडेनं दोऱ्याची भिंत उभी राहते. शेवटचा टाका पहिल्याच्या पोटात. बोटाच्या पेराएवढा आरसा आणि त्याभोवती तीस-पस्तीस टाके. याडी हे करताना माझ्याशी बोलत होती, नातवाला हाका मारत होती, एकदाही मोजलं नाही. मी एक करून पाहिला. तो पट्टीवर न घेता तिनं नातीच्या ओढणीला लावून टाकला, यातच काय ते समजा.

कवड्यांना मात्र भोक करावं लागतं. पाठीचा फुगवटा दगडावर घासून काढतात, म्हणजे मागून मोकळी जागा होते, दोरा ओवता येतो आणि कवडी कापडावर सपाट बसते. मला पाठीमागच्या बंदाला कवड्यांचे गोंडे हवे होते. याडी म्हणाली, “खुर्चीत बसतीस का न्हाई तू? टोचतील की.” दिवसभर खुर्चीत टेकून बसणाऱ्या बाईच्या पाठीवर कवड्या, हे खरंच कुणी करू नये. कवड्या खिशांच्या तोंडाशी गेल्या, प्रत्येकी तीन.

किती द्यायचे म्हणून विचारलं तर तिनं चारशे सांगितले. गळ्याची पट्टी आणि दोन खिशांची तोंडं, संध्याकाळचे कित्येक तास. मी बाराशे दिले. तिचा मुलगाच मला नंतर म्हणाला, “मॅडम, तुम्ही भाव बिघडवायलाव.” मी म्हटलं, बिघडू दे.

शिवायला कुठं द्यायचं हा प्रश्न नव्हता. आमचे चाचा, लेडीज टेलर, बरीच वर्षं माझे कपडे शिवतात. त्यांना कापड दाखवलं. “बेटा, गाऊन सिलवाना है क्या?”

“नाही चाचा, ड्रेस.”

“फिर इत्ता घेर कायकू?”

एका जुन्या सुती साडीचा नमुना आधी शिवायला लावला. चाचांना तो वेळ फुकट वाटला, पण मुंढा तिथंच ठरला. मुंढा नेहमीपेक्षा दीड इंच खोल, बाही कोपरापर्यंत आणि मोकळी. बिनबाह्यांचा ड्रेस गार वाटतो तो सावलीत. उन्हात उघड्या दंडाला थेट चटका बसतो, त्यापेक्षा सैल बाही बरी. त्याच कारणानं मागचा गळा वर घेतला, मानेचा मणका झाकेल असा. पुढं छोटा चिरलेला गळा. छातीखाली योक, योकला बारीक चुण्या आणि तिथून घेर पोटरीपर्यंत. चुण्या पुढं कमी, बाजूला जास्त, नाहीतर पोट दिसतं. ही चाचांची अक्कल, माझी नाही.

अस्तर फक्त कमरेपासून गुडघ्यापर्यंत, मलमलीचं, बाजूला चिरलेलं. या कापडातून पाठ-छाती आरपार दिसत नाही, मग तिथं दुसरा पदर कशाला? चाचा म्हणाले, “सब पूरा अस्तर डलवाते.” डलवू देत. बाजूच्या शिलाईत दोन खिसे, मोबाईल आडवा मावेल एवढे. शिलाईची माया पाऊण इंच ठेवायला सांगितली, म्हणजे उद्या अंग भरलं तर उसवून सैल करता येईल.

गळ्याला, बाहीच्या कडेला तांबड्या कापडाचा गोट. गोटाची पट्टी उरेबच, म्हणजे कापडाच्या धाग्याला तिरकी, कापावी लागते. सरळ धाग्यावर कापलेली पट्टी वळणावर आडमुठेपणा करते, गळा उभा राहतो. उरेब पट्टीत बारीक दोरी घालून चाचांनी तो असा बसवला की आतून-बाहेरून कुठं टोक दिसत नाही. एवढ्या एका गोष्टीनं ड्रेसचा गाऊन व्हायचा टळतो. गाऊनच्या गळ्याला नुसती दुमड असते. गोट आला की कुणीतरी बसून शिवलंय हे दहा फुटांवरून कळतं.

बटणं घरी झाली. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, सेलूच्या. गोधड्या शिवण्यात त्यांचा हात धरणारं आमच्या गल्लीत कुणी नाही. उरलेल्या चिंध्या गोल कापून, आत सरकी काढलेला कापूस भरून, तोंड आवळून त्यांनी घुंड्या केल्या. घुंडीसाठी फासा लागतो, त्याची नळी उलटवणं हे किचकट काम: उरेब पट्टीची बारीक नळी शिवायची, तिच्या टोकाला सुई-दोरा अडकवून सुई उलट्या बाजूनं आतून ढकलायची आणि हळूहळू सगळी नळी सुलट करायची. मी ओढत बसले, त्या टीव्ही बघत करत होत्या.

खालच्या घेराची कल्पनाही त्यांचीच. “स्कूटीवर उडंल की गं हे. खाली वजन पाहिजे.” मग घेराला आतून खादीची चार बोटं पट्टी लावली आणि त्यावर गोधडीचा धावदोरा घातला, काळ्या दोऱ्यानं, समांतर रेघा, टाका भाताच्या दाण्याएवढा. वरून बघितलं तर नुसत्या तुटक रेघा दिसतात, पण त्यानं घेर खाली बसतो, वाऱ्यानं उचलला जात नाही. पाय झाकले जातात आणि हवा मात्र खेळत राहते. सगळ्या ड्रेसमधलं मला सगळ्यात आवडलेलं हातकाम हेच, आणि ते कुणाच्या नजरेत भरत नाही.

याडीच्या पट्ट्या शेवटी, हातशिलाईनं लावल्या. मशीनची सुई आरशावर बसली की सुईही मोडते आणि काचही. चाचांनी सरळ सांगितलं, ये मेरा काम नहीं. आईंनी आणि मी एकेक खिसा घेतला.

हिशोब सांगते, कारण विचारणाऱ्या बऱ्याच आहेत. कापड 1040, अस्तर आणि खादी 320, धागे-बिगे 140, चाचांची शिलाई 700, याडीचे 1200. झाले 3400. म्हणजे त्या फसलेल्या ऑनलाइन ड्रेसएवढेच. स्वस्तात पडतं असं मी म्हणणार नाही. शिवाय आईंचे हात फुकट, ते धरले तर महागच. फरक एवढाच की यातला प्रत्येक रुपया कुणाच्या हातात गेला ते मला माहीत आहे, आणि पहिल्या आठ-दहा धुण्यांनंतर ड्रेस जागच्या जागी आहे.

धुण्याचं तंत्र जपावं लागतं. उलटा करून, रिठ्याच्या पाण्यात, पट्ट्या दोन्ही हातांनी वर धरून. ब्रश नाही, पिळणं नाही, वाळत घालताना सावली. बदामी रंग आता बराच फिका झालाय, हिरडा धुण्या-उन्हानं उतरत जातो. मला हा रंग पहिल्यापेक्षा जास्त आवडतो. काळ्या बुट्टीकडं मात्र लक्ष ठेवावं लागेल; लोखंडाचं काळं कापडाला वर्षानुवर्षांनी विरवतं, जुन्या छापील कपड्यांत काळ्या रेघेवरच आधी भोक पडतं. अजून तरी शाबूत आहे.

पहिल्यांदा पतसंस्थेत घालून गेले तेव्हा कॅशियर बाईंनी वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, “हे बाहेर घालायचं आहे ना?” मग खिशातून मोबाईल काढताना कवड्या वाजल्या, तशा त्या काउंटरच्या बाहेरच आल्या. गोट चाचपून पाहिला, घेर उलटून पाहिला. दुपारपर्यंत दोघीजणी चाचांचा पत्ता विचारून गेल्या. चाचांनी नमुना ठेवून घेतलाय, नाव मात्र त्यांनी ‘गाऊन कट’ असंच ठेवलंय, काही केल्या बदलत नाहीत.

एक सुधारणा पुढच्या वेळी करायची आहे. पट्ट्या कायमच्या न शिवता टिच बटणांवर बसवायच्या, म्हणजे धुताना काढता येतील आणि दुसऱ्या ड्रेसवरही चालतील. याडीला विचारलं तर तिला कल्पना पसंत पडली, पण तिची अट आहे. “दिवाळीच्या आत कापड दे. तोडीवर घेऊन जाते. रातच्याला कोपीत बत्ती असली तं करीन, न्हाई तं पाडव्याला.” भाव तिनं स्वतःच वाढवून सांगितला, पंधराशे.